ओसीवाले काका

ओसीवाले काकांना ‘कसं काय, काका?’ विचारलं की ते म्हणतात, “आठ महिने राहिलेत.” नवखा माणूस हळहळतो, जुना गालातल्या गालात हसतो. काकांची प्रकृती ठणठणीत आहे. आठ महिने राहिलेत ते बिल्डरचे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. काकांच्या टूबीएचकेला आता ४ वर्षं ४ महिने झाले.

प्रत्येक नव्या कॉम्प्लेक्सच्या नशिबी असे एक काका असतातच. बहुधा क्लबहाउसबरोबर येत असावेत. नवी मुंबईतल्या रबाळ्याला आमच्या वाट्याला हे आले.

निवृत्तीपर्यंत काका एका जुन्या इमारतीत राहिले. वरच्यांची मोरी बरोबर यांच्या देवघरावर गळायची. वरचे म्हणायचे, पाइप सोसायटीचा. सोसायटी म्हणायची, हा तुमचा आपसातला मामला. प्लंबर म्हणायचा, आधी फोडून बघावं लागेल. काकांना ओलीचा राग कधीच नव्हता. राग याचा, की भांडायला हक्काचा माणूस सापडत नव्हता. नव्या घराचा खरा फायदा काकांच्या मते हाच: माणूस सापडतो. त्याला नाव असतं, पत्ता असतो, महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. हा कायदा १ मे २०१७ ला पूर्णपणे लागू झाला, त्यामुळे १ मेच्या झेंडावंदनाला काकांच्या चेहऱ्यावर इतरांपेक्षा थोडं जास्तच तेज असतं.

घर शोधायला ते रबाळ्यात उतरले, तेव्हा एका एजंटाने त्यांना आधी गावठाणाकडची चारमजली दाखवली. भाव बघून काकू विरघळल्या. काकांनी विचारलं, “ओसी आहे?” ओसी म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र. एजंट म्हणाला, “काका, लाइट आहे, पाणी आहे, माणसं राहतायत की!” काका म्हणाले, “माणसं सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्येही राहतात. ओसी आहे का?” नाव तिथून पडलं. आता तर ही भाषा, ओसी आणि तिच्या आधीची सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, काकांच्या अंगातच भिनली आहे. शेजारच्या मुलाचा साखरपुडा झाला, तर काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सीसी मिळाली, ओसी मेमध्ये. अभिनंदन.’

खरेदीही कायद्याला धरून झाली. बांधकाम चालू असताना घेतलं तर ५ टक्के जीएसटी, ओसी आल्यावर घेतलं तर शून्य. म्हणून काका ओसीची वाट बघत थांबले. तेवढ्यात बिल्डरने भाव वाढवला. काकांना वाचलेला जीएसटी दिसला, काकूंना वाढलेला भाव. शिवाय बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणून करारावर नाव एकट्या काकूंचं. १ टक्क्यापायी १०० टक्के गेले, हे काकांना पहिल्या भांडणात कळलं.

ब्रोशरमध्ये एका बाजूला पारसिकचा डोंगर होता, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. पूर्वेच्या खिडकीतून आधी एमआयडीसी दिसते, तिच्यावरून नजर गेलीच तर डोंगर. पण देखावा हा बांधकामाचा दोष नव्हे, हे काकांनी वकिलाला विचारून घेतलंय. त्यांची नजर घराच्या आत. ताब्याच्या दिवशी इतर लोक नारळ आणि पेढे घेऊन आले होते, काका टेप आणि पाणसळ. कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, हे त्यांनी पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनाही समजावलं. मग रुपयाचं नाणं घेऊन गुडघ्यावर बसले आणि एकेक टाइल वाजवत दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गेले. जिथे पोकळ आवाज आला, तिथे खडूने फुली. सत्यनारायणाचा चौरंग कुठे मांडायचा, हा प्रश्न त्या फुल्यांनी परस्पर सोडवला.

पहिली दोन वर्षं काकांच्या आयुष्यातली सोन्याची. बेसिनखाली ठिबक, तक्रार. बेडरूमच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग, फोटोसकट तक्रार. बिल्डरचा सुपरवायझर इतक्या वेळा आला, की काकू त्याच्या चहात साखर किती ते न विचारता टाकू लागल्या. तिसऱ्या वर्षापासून मात्र घर बिघडेनासं झालं. भिंती कोरड्या, नळ घट्ट, टाइला भरीव. काकांची झोप उडाली. परवाच्या मुसळधार पावसात ते रात्री बॅटरी घेऊन छताखाली उभे होते. काही गळलं नाही. सकाळी चेहरा उतरलेला होता.

गेल्या रविवारी ते पलीकडच्या नव्या टॉवरच्या सेल्स ऑफिसात दिसले. सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर आडवे होऊन पाय बाहेर येतात का, ते बघत होते. काकूंनी घरी विचारलं, “याला काय झालंय? चांगलं तर आहे घर.”

“चांगलं आहे गं,” काका म्हणाले, “पण आठ महिन्यांनी काही झालं, तर सांगायचं कोणाला?”

“सोसायटीला सांगा.”

काका काहीच बोलले नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी तेच आहेत.