बी धरणारे काका

उपनगरातल्या बहुतेक सोसायट्यांत एक 'गावठी बी'वाला असतोच. मुलुंडचा पार्किंगच्या खांबावर अबई चढवतो, घाटकोपरचा खिडकीच्या ग्रिलमध्ये चवळी लोंबवतो आणि अंधेरीचा, फ्लॅटला ऊनच येत नसल्यामुळे, दुसऱ्यांच्या गच्च्यांवर सल्ला लावतो. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत वालकाका आहेत. खरं आडनाव नेमप्लेटवर आहे, पण ते फक्त पोस्टमनला लागतं.

काका रिटायर्ड. आजोळ रायगडात. तिकडे भात कापलं की शेतात उरलेल्या ओलीवर कडवे वाल पेरतात. वर पाणी नाही, खत नाही. ही गोष्ट काका इतक्या अभिमानाने सांगतात की तो पराक्रम वालाचा की त्यांचा, कळत नाही. गच्चीवर मात्र मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची खोकी, रंगाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या मांडून ते दिवसातून दोनदा पाणी घालतात. मावा पडला तर आंबट ताक शिंपडतात. त्या दिवशी लिफ्टमध्येही ताकाचा वास येतो.

घरात शिरलं की आधी फ्रीज दिसतो. त्यावर राहीबाई पोपेरे यांचा फोटो, पेपरातून कापलेला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईंनी गावठी बियाणं जपलं आणि 2020 साली पद्मश्री मिळवली, हे काका प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात भाजी नाही, बाटल्या. खोकल्याच्या औषधाच्या, होमिओपॅथीच्या, जुन्या फिल्म रोलच्या डब्याही. प्रत्येकीत चमचाभर राख, मूठभर बी आणि बाहेर चिठ्ठी : 'पेण, आत्याकडचा, पांढरा डोळा'. 'नॅशनल पार्क गेट, भाजीवाल्या मावशी, नाव सांगितलं नाही'. 'कोरेगाव, वाघ्या घेवडा'. हा शेवटचा साताऱ्याचा, पट्टेरी, भौगोलिक मानांकन मिळवलेला. त्याला थंड हवा लागते. बोरिवलीच्या ऑक्टोबरमध्ये त्याची फुलं शेंग न धरताच गळाली. काकांनी दोष बोरिवलीला दिला.

बी कुणाला द्यायचं झालं तर काका स्थळ पाहावं तशी चौकशी करतात. गॅलरी पूर्वेला की दक्षिणेला? ऊन किती तास? घरात कबुतरांना दाणे घालणारं कुणी नाही ना? शिवाय शेजारी संकरित वाण लावलेलं नसावं, कारण मधमाशी वेलांची घराणी बघत नाही. त्यासाठी ते निवडक फुलांवर मलमलची पिशवी बांधतात. मुलाने घाटकोपरची गुजराती मुलगी पसंत केली तेव्हा काकांनी हूं की चूं केलं नव्हतं; वालाच्या बाबतीत मात्र गोत्र पाहतात.

आता मुख्य गोष्ट. इतकं सगळं पिकतं, पण काकांच्या घरात ते खाल्लं जात नाही. बी धरायचं तर वेलावरची सगळ्यात भरदार, निरोगी शेंग राखून ठेवायची, हा नियम. तो बरोबरच आहे. पण काकांना सगळ्याच शेंगा भरदार दिसतात. दिसली की देठाला लाल दोरा. जानेवारीपर्यंत वेल पिराच्या जाळीइतका लाल होतो आणि काकू खाली उतरून भाजीवाल्याकडून पाव किलो वाल घेऊन येतात, बिरड्यासाठी. ते रात्री भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. सोलायला काकाही बसतात. सोलताना म्हणतात, "बाजारातल्या मालाला चव नाही हो."

सूनबाईंना दोऱ्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. पहिल्या संक्रांतीला तिला उंधियूसाठी पापडी हवी होती. ती गच्चीवर गेली आणि लाल दोऱ्याच्या तेवढ्या तोडून घेऊन आली. तिला वाटलं, तयार झालेल्यांना खूण केली आहे. उंधियू अप्रतिम झालं. काकांनी दोनदा मागून घेतलं आणि मग विचारलं, पापडी कुठली? त्यानंतर घरात दोन दिवस फक्त टीव्ही बोलत होता. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी माहेरून सुरती पापडीचं बी आणून दिलं. "पप्पा, आ जूनुं छे, आमच्या नानीकडचं." काकांनी लगेच बाटली धुतली.

त्यांचा खरा लढा झाला तो कमिटीशी. चोऱ्या वाढल्या म्हणून गच्चीवर मोठा एलईडी दिवा लागला. दसरा गेला, दिवाळी गेली, वेल टाकीच्या डोक्यावर गेला, पण फुलाचा पत्ता नाही. काकांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये कागद ठेवला. विषय : गच्चीवर अंधार मिळणेबाबत. सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"काका, लोक उजेडासाठी अर्ज करतात."

"गावठी वाल रात्र मोजतो. रात्र लांबली की फुलतो. तुमच्या दिव्यामुळे त्याची रात्रच होत नाही."

"आणि चोर आला तर?"

"येऊ दे. दोरा बांधलेल्या सोडून काय हवं ते नेऊ दे."

शेवटी दिव्याचं तोंड गेटकडे फिरवलं. काही आठवड्यांत वेलावर जांभळे तुरे आले. ज्यांना कोथिंबीर आणि पुदिना एकच वाटतो तेही लिफ्टने वर जाऊन बघून आले. 'वाल अंधारात फुलतो' हे आमच्या बी विंगमधल्या शाळकरी मुलांना आता पुस्तकाशिवाय माहीत आहे. त्याबद्दल काकांना कुणी पद्मश्री देणार नाही, पण वॉचमन सलाम ठोकतो.

त्या आनंदात तरुण मंडळींनी ठरवलं, कंपाउंडमध्ये पोपटी लावायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. सूनबाई म्हणाल्या, आमच्याकडे वलसाडला याला उंबाडियूं म्हणतात. काकांनी वर्गणी सगळ्यांच्या दुप्पट दिली आणि पहाटेची गाडी पकडून पनवेलहून गोणभर शेंगा आणल्या. वर गच्चीवर वेल लगडलेला होता, पण तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

शेंगा मडक्यात भरायच्या आधी काकांनी गोण पसरून एकेक शेंग निवडली. सडकी वेगळी काढताहेत असं सगळ्यांना वाटलं. मडकं लावणारा पोरगा ओरडला, "काका, निम्म्या शेंगा कुठे गेल्या?"

काका खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढत होते.