पोत्याचं तोंड पाहून भाव सांगणाऱ्या साहेबांस

मु. पो. वळसंग, ता. दक्षिण सोलापूर

प्रति,
माननीय वाहन-परीक्षक साहेब,
मुक्काम : कंपनीनं बुक केलेलं रिसॉर्ट

विषय : आपण अर्धा दिवस चालवलेली हायब्रिड गाडी आम्ही तीन वर्षं चालवत असल्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

गुळगुळीत कागदावरच्या मधल्या दोन पानांत आपण आमच्या गाडीचं परीक्षण छापलंत. मागं हिरवा डोंगर, बॉनेटला टेकून आपण, डोळ्यांवर गॉगल. गाडीवर धुळीचा कण नाही. खरं तर तिथंच आम्हाला शंका यायला हवी होती.

तरी आधी आभार मानतो. ग्रामीण भागात चार्जिंगची सोय नाही, म्हणून तिथल्या लोकांनी हायब्रिड घेताना दहादा विचार करावा, असा मोलाचा सल्ला आपण दिलात. तेव्हापासून मी गावात एकटा चहा प्यायलो नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो की कुणीतरी विचारतोच, ‘‘काय बे, चार्जिंगला कुठं लावूलालास?’’ लाइट गेली की शेजारी माझ्याकडे सुतकाला आल्यासारखे बघतात. मुक्कामाला गेलो तेव्हा आत्यानं अंगणातल्या बोअरच्या स्टार्टरकडे बोट दाखवून सांगितलं, ‘‘इथं लाव रे बाळा, थ्री-फेज हाय.’’ तिचा काय दोष? तिनं आपला लेख वाचला होता.

साहेब, या गाडीला चार्जिंगचं भोकच नाही. झाकण एकच आहे आणि त्यातून पेट्रोल जातं. पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की चाकं मोटर फिरवतात, मोटरचं जनित्र होतं आणि इतर गाड्यांत ब्रेक तापवून वाया जाणारी शक्ती इथं बॅटरीत पडते. कमी पडलं तर इंजिन भर घालतं. ती बॅटरी तरी केवढी? मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन गाड्यांमध्ये ०.७६ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट. तेवढ्यासाठी आत्याचा स्टार्टर कशाला बंद पाडायचा? वायर लावायच्या प्लग-इन हायब्रिडही जगात असतात. पण त्यांचं वर्णन आमच्या गाडीला चिकटवणं म्हणजे बैलाला म्हशीचा कासरा बांधून दूध किती देतो ते विचारणं.

हे तंत्र काही कालपरवाचं नाही. टोयोटाची प्रियस जपानात १९९७ साली विक्रीला आली, भारतात २०१० साली. २०१३ पासून कॅमरी हायब्रिड कर्नाटकात बिडदीच्या कारखान्यात जुळू लागली. बिडदीहून गाडी वळसंगला येऊन पोचली. माहिती अजून आपल्या टेबलापर्यंत पोचायची आहे.

आता आपल्या त्या सुंदर तक्त्याविषयी. ‘हायब्रिड’ अशा एकाच मथळ्याखाली आपण सगळ्या गाड्या ओळीनं बसवल्यात आणि हायब्रिड घेऊनही अॅव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढलात. साहेब, माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्यात नावापुरतीच भाऊबंदकी आहे. माइल्डमध्ये स्टार्टर आणि अल्टरनेटरचं काम एकच यंत्र करतं, इंजिनाला थोडा हात देतं, पण नुसत्या विजेवर चाक फिरत नाही. स्ट्राँगमध्ये गाडी इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटारात ही दोन्ही रूपं एकाच नावानं मिळतात. माइल्डच्या हाताच्या गिअरच्या गाडीचा अधिकृत आकडा लिटरला २१.११ किलोमीटर, स्ट्राँगचा २७.९७. हा फरक ज्याला ‘फारसा’ वाटत नाही, त्यानं पेट्रोलचे पैसे कधी स्वतःच्या खिशातून दिलेले नाहीत, एवढाच अर्थ निघतो.

सरकारी खात्याला उशिरा कळतं असं आम्ही समजत होतो. २०१५ साली विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणारी फेम योजना आली तेव्हा माइल्ड गाड्यांनाही सवलत मिळाली. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगाच्या मागं माइल्ड हायब्रिडची एसएचव्हीएस ही अक्षरं झळकली ती त्याच काळात. एप्रिल २०१७ मध्ये सरकारनं माइल्डला त्या सवलतीतून वगळलं. म्हणजे दिल्लीच्या फायलीला जो भेद दोन वर्षांत कळला, तो आपल्याला अजून उमगायचा आहे.

पण आपली खरी प्रतिभा अॅव्हरेजच्या परिच्छेदात फुलली. पहिल्या अंकात २७.९७ हा आकडा आपण छातीठोकपणे मथळ्यात छापलात. पुढच्या अंकात घाटात गाडी पिळून काढलीत आणि ‘दावा फोल’ म्हणून मोकळे झालात. तो आकडा येतो कुठून, हे दोन्ही वेळा सांगितलं नाहीत. तो प्रयोगशाळेत निघतो, रोलरवर गाडी उभी करून, ठरलेल्या वेळापत्रकानं. ही चाचणी वीस मिनिटांच्या आतच आटोपते, वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. समोरून येणारा वारा नाही, टपावर बॅगा नाहीत, मागं सासू नाही. गाड्यांची आपसांत तुलना करायला ही मोजणी बरी आहे. पण ती म्हणजे वळसंगचा रस्ता नव्हे आणि आपला घाटही नव्हे. वर आपण सहज लिहून गेलात की शहरात एवढं देते तर हायवेवर आणखी देईल.

इथं मात्र मी गाडी बाजूला घेऊन थांबलो.

साध्या पेट्रोल गाडीचा नियम आपण डोळे झाकून इथं लावलात. हायब्रिडचं गणित उलटं आहे. शांती चौक, सात रस्ता, नवी पेठ असा सोलापुरातला फेरा घ्या. दर शंभर पावलांवर रिक्षा आडवी येते, ब्रेक लागतो, वीज साठते. सिग्नलला इंजिन बंद. सुटताना मोटर ओढते. गर्दी जितकी रटाळ तितकी ही गाडी खूश. पुढं कुंभारी ओलांडून अक्कलकोटच्या चौपदरी रस्त्यावर काटा शंभरच्या वर ठेवलात की ब्रेक लागत नाही, साठवायला काही मिळत नाही आणि सगळा भार इंजिनावर येतो. माझ्या वहीत शहरातला आकडा चोविसाच्या आसपास असतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात चालवली की विसावर उतरतो. आपलं वाक्य वाचून, रोज शंभर-दीडशे किलोमीटर हायवेनं जाणाऱ्या माझ्या एका पाहुण्यानं शहरातला आकडा मनात धरून गाडी बुक केली. आता तो मला फोन करून अॅव्हरेज विचारतो. आपला नंबर त्याच्याकडे नाही ना.

गिअरबॉक्सवरही आपण दोन ओळी खर्च केल्यात. सीव्हीटी असल्यामुळे बेल्ट घसरतो, असं त्यांत आहे. टोयोटाच्या पद्धतीत ज्याला ई-सीव्हीटी म्हणतात त्यात बेल्ट नसतोच. ग्रहांसारखे एकमेकांभोवती फिरणारे दात्यांचे संच आणि दोन मोटर-जनित्रं यांवर सगळं चालतं. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये बराच वेळ इंजिन नुसतं जनित्र फिरवतं आणि ठरावीक वेगाला क्लच लागून थेट चाकांना जोडलं जातं. तिथंही बेल्ट नाही. जोर लावला की इंजिन ओरडतं, ही तक्रार खरी आहे आणि ती आम्हीही करतो. पण नसलेला बेल्ट घसरवायचं कसब आमच्या गावच्या मिस्त्रीकडेही नाही.

बॅटरीवरून तर आपण आमच्या घरात रडारड घडवलीत. पाच वर्षांत बॅटरी जाणार आणि लाखांचा खड्डा पडणार म्हणे. टोयोटा आणि मारुतीच्या या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. तसं छापील कागदावर आहे आणि तो कागद आपल्या हातातल्या त्याच ब्रोशरसोबत मिळतो. त्यानंतर खर्च येणार नाही असं मी म्हणत नाही. पण भीती घालायचीच असेल तर वर्ष तरी नीट मोजून घाला.

घालण्यासारख्या भीतीही होत्या, त्या आपण सोडून दिल्यात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो आणि वावटळीची धूळ दाराच्या फटीतूनही आत येते. कित्येक हायब्रिडमध्ये बॅटरीला गार ठेवणारी हवा गाडीच्या आतूनच, सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते. ती जाळी धुळीनं भरली किंवा कुणी तिच्यावर बाजाराची पिशवी टेकवली की बॅटरीचा श्वास कोंडतो. जाळी साफ ठेवा, एवढी एक ओळ आपण लिहिली असतीत तर सोलापूर जिल्ह्यानं आपल्याला दुवा दिला असता. गाडी महिनाभर उभी राहिली की मोठी बॅटरी शाबूत असते, पण साधी १२ व्होल्टची उतरते आणि मग एवढी हुशार गाडी ढिम्म हलत नाही. तेही आपण लिहिलं नाहीत. डिकी मात्र ‘ऐसपैस’ म्हणालात. ग्रँड विटाराच्या माइल्ड रूपात ती ३७३ लिटरची आहे, स्ट्राँगमध्ये बॅटरीमुळे २६५ उरते. सिटीत ५०६ ची ३०६ होते. आपण तक्त्यातला आकडा एका गाडीचा उचललात आणि फोटो दुसरीचा छापलात. अक्कलकोटला पौर्णिमेला सहा जणांचा डबा, सतरंजी आणि पाण्याचा कॅन घेऊन निघालो तेव्हा ऐसपैसचा अर्थ आम्हाला कळला.

हो, शांततेचं कौतुक केलंत ते मान्य. मोटरवर गाडी खरंच कुजबुजल्यासारखी जाते. आमच्या गल्लीतल्या म्हशी त्यामुळे हटत नाहीत. हा मुद्दा रिसॉर्टवर लक्षात येणं अवघड होतं.

शेवटी हिशेब. जास्तीचे पैसे वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, असा आपला निकाल. कशाशी तुलना केलीत ते पाहिलं तर एका बाजूला सगळ्यात वरची ऑटोमॅटिक हायब्रिड आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यात खालची हाताच्या गिअरची साधी गाडी. छपराची काच, मोठा पडदा आणि गार हवेची सीट यांचे पैसेही आपण पेट्रोलकडून वसूल करायला निघालात. मी साधा हिशेब मांडतो. एक गाडी लिटरला १५ देते, दुसरी २२. वर्षाला २०,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरू. पहिलीला १,३३३ लिटर लागतात, दुसरीला ९०९. वाचले ४२४ लिटर, म्हणजे साडेचव्वेचाळीस हजार रुपये. हाच माणूस वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरत असेल तर वाचतात अकरा हजार, आणि त्यानं हायब्रिडच्या नादी लागू नये. याचा अर्थ, गाडी फायद्याची की तोट्याची हे गाडीवर ठरतच नाही, वाचणारा किती आणि कुठं फिरतो त्यावर ठरतं. तो एक प्रश्न सोडून आपण स्टिअरिंगच्या शिलाईपर्यंत सगळं विचारलंत.

आम्हीही काही हरिश्चंद्राचे अवतार नाही. हॉटेलातल्या बाकड्यावर प्रत्येकाची गाडी अठ्ठावीस देते. पडद्यावरचा आकडा पंपावरच्या आकड्याहून जास्त दिसतो, म्हणून आम्ही पडद्याचा फोटो काढतो आणि पंपाची पावती फाडून टाकतो. पण आमच्या थापेला मथळा मिळत नाही आणि तिच्यावर विसंबून कुणी बँकेकडून पंधरा लाख उचलत नाही. आपल्या शब्दावर उचलतो. हप्ते सात वर्षांचे असतात. तोवर आपण चाळीस गाड्या चालवून ‘एकूणात एक परिपूर्ण अनुभव’ असं चाळीस वेळा लिहून मोकळे झालेले असता.

सोलापूरच्या बाजार समितीत कधी कांद्याचा लिलाव पाहिलाय का? पोत्याच्या तोंडाशी कुणीही चांगला माल लावतो. म्हणून खरेदीदार तोंड पाहून बोली लावत नाही, पोतं ओतायला लावतो. कंपनी आपल्याला जे देते ते पोत्याचं तोंड आहे : धुतलेली गाडी, निवडलेला रस्ता, छापील टिपण आणि दुपारचं जेवण. त्याबद्दल तिच्यावर राग नाही, माल विकणाऱ्यानं माल लावायचाच असतो. पोतं ओतणं हे आपलं काम होतं.

तेव्हा नम्र विनंती. एकदा वळसंगला या, तेही मे महिन्यात. पंपावर टाकी फुल करा, पहिला कटऑफ झाला की थांबा. चार माणसं बसवा, एसी लावा. इथून वीसेक किलोमीटर सोलापूर, शहरात तासभर फेरा, मग परत फिरून थेट अक्कलकोट आणि तिथून पुन्हा वळसंग. शहराचा आकडा वेगळा लिहा, चौपदरीचा वेगळा. त्याच पंपावर, त्याच नोझलनं परत पहिल्या कटऑफपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. असं चार वेळा करा. जो आकडा येईल तो छापा, माझ्या वहीच्या विरुद्ध गेला तरी छापा, पण कसा मोजला तेही शेजारी छापा. जेवण आमच्याकडे : कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. चार्जिंगची व्यवस्था मात्र होणार नाही.

माझ्या वहीत आजवरच्या प्रत्येक टाकीची तारीख, लिटर आणि किलोमीटर आहेत. आपल्या लेखात एकाही टाकीची नोंद नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
वळसंगचा एक गाडीवाला