बुडावं तर असं

आतबट्ट्याचा व्यवहार कसा करावा हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं छोट्या विमानांसाठी नवं इंजिन काढणाऱ्या कंपन्यांचा इतिहास वाचावा. या धंद्यातला वेडेपणा अस्सल आहे. त्याची उघडपणे, मनापासून स्तुती करावी असं मला वाटतं.

आधी बाजार पाहा. अमेरिकेतल्या कारखान्यांनी १९७८ साली १७ हजारांहून जास्त छोटी विमानं बनवली. १९९४ साली हा आकडा हजाराच्याही खाली आला होता. सेस्नासारख्या कंपनीनं १९८६ साली पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं होतं. आजही अशी विमानं जगभरात वर्षाला दीड-दोन हजारच खपतात. त्यांतल्या बहुतेकांना लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल यांचं इंजिन हवं असतं, म्हणजे हवेनं थंड होणारं, मॅग्नेटोच्या ठिणगीवर चालणारं, १९४०-५०च्या दशकांतल्या आराखड्याचं. ते वाईट नाही. नीट सांभाळलं तर दोन हजार तास चालतं आणि खेड्यातला मेकॅनिकही ते उघडू शकतो. व्यवहारी माणूस या बाजाराकडे एकदा पाहील आणि दुसरा धंदा शोधेल.

पण या शहाणपणाची किंमत कुणीतरी मोजतंच. या जुन्या इंजिनांपैकी बऱ्याचशांना अजून शिसं घातलेलं पेट्रोल लागतं. मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं भारतानं २००० साली बंद केलं, विमानांच्या पेट्रोलमध्ये ते राहिलं. कॅलिफोर्नियात रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवती राहणाऱ्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास २०२१ साली पुढे आला आणि सांता क्लारा काउंटीनं १ जानेवारी २०२२पासून आपल्या विमानतळांवर या पेट्रोलची विक्री थांबवली. २०२३ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानंही या शिशामुळे लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. शहाणे अर्धशतक थांबले, त्याचा हा हिशेब. म्हणून मला वेड्यांची बाजू घ्यावीशी वाटते.

पोर्शनं १९८०च्या दशकात ९११ मोटारीचं सहा सिलिंडरांचं इंजिन विमानासाठी तयार केलं. वैमानिकाला तीन दांडे सांभाळावे लागत, तिथे एकच दांडा ठेवला. मूनी कंपनीनं ते घालून चाळीसएक विमानं बनवली. १९९१ साली पोर्शनं उत्पादन बंद केलं, पुढे सुट्या भागांचा आधारही काढून घेतला. टोयोटानं लेक्ससचं आठ सिलिंडरांचं इंजिन अमेरिकेच्या प्रमाणपत्रापर्यंत नेलं आणि बाजारात आणलंच नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो जर्मनीच्या थिलर्ट कंपनीचा. फ्रँक थिलर्ट यांनी मर्सिडीजच्या छोट्या मोटारीचं डिझेल इंजिन घेतलं आणि ते जेट इंधनावर चालवलं. हे इंधन बहुतेक मोठ्या विमानतळांवर मिळतं. २००२ साली प्रमाणपत्रही मिळालं. हे किती अवघड होतं, ते सांगायला हवं. रस्त्यावर मोटार आपल्या ताकदीचा लहानसा भागच वापरते. विमानाचं इंजिन मात्र तासन्‌तास पाऊणएक ताकदीवर चालतं. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा धक्का सरळ पंख्यापर्यंत जातो. म्हणून मधल्या गिअरबॉक्सला क्लचची जोड हवी, आणि इंजिन मोडत नसलं तरी ते दोन्ही ठराविक तासांनी उघडून तपासायला हवेत. इंजिनाचा सगळा कारभार संगणकाकडे. २००७ साली जर्मनीतल्या श्पायर इथे थिलर्टची इंजिनं लावलेल्या, डायमंड कंपनीच्या एका विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज देऊन इंजिनं सुरू केली, विमान उडालं, चाकं आत घेताना विजेचा दाब पडला, संगणक पुन्हा सुरू होऊ लागले आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. जुन्या मॅग्नेटोला बॅटरीची गरजच नसते. नव्या वाटेनं जाणाऱ्यालाच नव्या चुका सापडतात. त्या सापडल्या म्हणून दुरुस्त झाल्या.

एप्रिल २००८मध्ये थिलर्टचं दिवाळं निघालं. कंपनीनं दिलेल्या हमीची जबाबदारी दिवाळखोरी व्यवस्थापकानं स्वीकारली नाही, सुट्या भागांचे भाव चढले, आणि दोन-दोन थिलर्ट इंजिनं लावलेल्या डायमंड विमानांचे मालक अडकले. वैमानिक शिकवणाऱ्या संस्थांचं तर उत्पन्नच उड्डाणाच्या तासांवर. विमान जमिनीवर उभं राहिलं तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. या पहिल्या गिऱ्हाइकांनी पदरमोड करून साऱ्या जगासाठी चाचणी करून दिली. त्यांचं ऋण कुणी मानलेलं मी वाचलेलं नाही.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. डायमंडनं दुधाची दुसरी वाटी मागवली. ऑस्ट्रो इंजिन नावाच्या स्वतःच्या कंपनीकरवी पुन्हा मर्सिडीजचंच डिझेल घेतलं आणि २००९ साली प्रमाणपत्र मिळवलं. थिलर्टचा कारखाना २०१३ साली कॉन्टिनेंटलच्या चिनी मालकांनी घेतला. त्याच घराण्यातली डिझेल इंजिनं आजही बनतात, आजही उडतात. कंपनी बुडाली, काम तरलं. थिलर्ट यांनी २००२ साली घाई केली नसती, तर ही दोन्ही इंजिनं आज असती असं मला वाटत नाही.

विस्कॉन्सिनच्या डेल्टाहॉकनं १९९६ साली सुरुवात केली आणि तिच्या डिझेल इंजिनाला प्रमाणपत्र मिळालं २०२३ साली. सत्तावीस वर्षं! इतका धीर कुठल्याही बँकेच्या नियमात बसत नाही. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलनं २०२० साली प्रमाणपत्र मिळवलेलं पहिलं विजेवरचं विमान दिलं. ते तासभरही उडत नाही, पण विमानतळाभोवती घिरट्या घालत उतरण्याचा सराव करायला तेवढं पुरतं.

गोंदियाच्या बिरसी विमानतळावर आपली मुलं डायमंडच्या विमानांवर उडायला शिकली आहेत, तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. अमेरिका, युरोप आणि भारत इथल्या विमान नियामकांना माझी एकच विनंती आहे. नव्या इंजिनाला प्रमाणपत्र देताना त्याचे आराखडे आणि सुटे भाग बनवण्याचे हक्क त्रयस्थाकडे ठेवून घ्या, म्हणजे पुढची कंपनी बुडेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची विमानं जमिनीवर अडकणार नाहीत.