पायाला फोड आणण्याची खात्रीशीर रीत

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांच्या चवड्याला आधीच घट्टे पडलेत, जे नवरात्रात नऊ दिवस अनवाणी अंबाबाईला जातात किंवा ज्यांनी शाळेची वाट बांधाबांधानं तुडवली आहे, त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांना फोड येणं अवघड आहे. बाकीच्यांनी, म्हणजे कोल्हापूरच्या रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारून मिसळीच्या दुकानात शिरणाऱ्या आणि येत्या आषाढात पन्हाळा ते पावनखिंड पळत जायचं ‘ठरलंय’ असं ग्रुपवर जाहीर करून बसलेल्या मंडळींनी, खालच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. वाटेतलं पांढरपाणी यायच्या आत दोन्ही पाय भरून येतील याची हमी.

खरेदी

बूट पातळ तळव्याचाच घ्यायचा. मिनिमलिस्ट शूज म्हणतात त्याला. तळ काही मिलिमीटरचा, टाच आणि चवडा एका पातळीत, आत गादी नाही, तळपायाची कमान उचलून धरणारं काही नाही. पैसे जास्त आणि माल कमी अशी ही वस्तू आहे, पण त्यामागे तत्त्वज्ञान आहे. २००९ साली क्रिस्टोफर मॅकडुगल या अमेरिकन लेखकाचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांतले ताराहुमारा लोक टायरच्या तुकड्याला वादी बांधून मैलोन्‌मैल पळतात, हे त्यातून जगाला कळलं आणि जग पातळ तळव्यावर आलं. टायरचं पायताण आपल्याकडे आठवडी बाजारात पोत्यावर मांडून विकलं जायचं. ते घालून आयुष्यभर औतामागं चालणाऱ्याला मात्र कुणी ॲथलीट म्हटलं नाही.

दुकानदार सांगेल की यानं पाय बळकट होतात आणि दुखापती टळतात. मान डोलवा. पाच बोटांचे सुटे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं अमेरिकेत असाच दावा केला होता. ग्राहक कोर्टात गेले आणि २०१४ मध्ये कंपनीनं, चूक मान्य न करता, ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. ही माहिती दुकानदाराला सांगू नका, उगाच त्याचा दिवस खराब होईल.

बूट मोहिमेच्या आदल्या दिवशीच घ्या, आणि सकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, म्हणून जाणती माणसं संध्याकाळी माप देतात आणि पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडतात. तुम्ही सकाळच्या पायाला घट्ट बसणारा जोड उचला. नखं कापू नका. उतारावर ती बुटाला टेकली की काम आपोआप होतं.

बूट घेऊन परतताना शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन लागते. तिकडं बघू नका, कारण तिथं फोडांविषयीचं सगळं शहाणपण फुकट मिळतं आणि आपला बेत फसू शकतो. तरी नजर गेलीच, तर असं काहीतरी कानावर येईल.

“मामा, ही कापशी चप्पल चावती का ओ?”

“न चावणारी पायजे आसंल तर रबराची घे. हिला रातच्याला तेल लाव, घरात घालून फिर, दोन-चार तास. पंधरा दिसांनी गप बसती.”

“आणि पळायला चालंल?”

“पळायला? का रं मर्दा, कोण मागं लागलंय?”

कोल्हापुरी चपलेइतकी प्रामाणिक पादत्राणं दुसरी नसतील. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, कातड्याच्याच वादीनं शिवलेलं, खिळा एक नाही. सुरुवातीला ती लाकडासारखी कडक असते. अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली पहिल्याच दिवशी सोलवटते. पण हे गिऱ्हाईकही जाणतं आणि कारागीरही लपवत नाही. चार दिवस चपलेनं चावायचं आणि चार दिवस माणसानं लंगडायचं, हा दोघांतला जुना करार आहे. तो मोडतो फक्त नवरदेव. लग्नाच्या सकाळी कोरी कापशी पायात चढवतो आणि मेव्हणीनं ती लपवली की पैसे द्यायच्या आधी मनातून तिचे आभार मानतो.

२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. सीमाप्रश्न इतक्या वर्षांत सुटला नाही, चपलेचा सुटला. पुढं जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीनं तसलीच चप्पल मॉडेलांच्या पायात घातली आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरली. इकडं ओरड झाल्यावर आठवण झाली. त्या मॉडेलांच्या बेचक्यात फोड आले का, हे कुणी विचारलं नाही. मला तरी तोच खरा प्रश्न वाटला.

सराव

करू नका.

पातळ तळव्यावर माणूस वेगळा पळतो. गादीच्या बुटात टाच आधी टेकवण्याची चैन असते. गादी काढली की टाचेला दणका बसतो, म्हणून पाऊल आखडतं आणि चवडा आधी टेकायला लागतो. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये हेच मांडलं, की सवयीनं अनवाणी पळणारे बहुधा पायाच्या पुढच्या भागावर उतरतात. त्यातला ‘सवयीनं’ हा शब्द वाचायचा नाही. तो वाचला की आठवडेच्या आठवडे आधी नुसतं चालायचं, मग थोडं पळायचं, मग आणखी थोडं, असल्या कंटाळवाण्या गोष्टी कराव्या लागतात. चवड्याच्या कातडीनं आजवर हा भार घेतलेला नसतो आणि पोटरीनंही नाही. एका रात्रीत दोघींवर सगळं टाकलं की कातडी फुगते आणि पोटरी दगड होते.

आपल्याकडं याचा उत्तम नमुना घटस्थापनेला दिसतो. वर्षभर चप्पल घालणारी माणसं त्या दिवशी ती काढून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात डांबरावर पाय टाकतात. पहिले दोन दिवस सावली शोधत उड्या मारतात. दसऱ्यापर्यंत तळवे थोडे निबर होतात, तोवर नवस फिटतो आणि चप्पल परत पायात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. जी आज्जी बाराही महिने अनवाणी असते, ती या गर्दीतून तुरुतुरु पुढं निघून जाते. कातडी सवयीची असते, श्रद्धेची नव्हे.

वाट आणि पाऊस

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भर पावसात, रात्री, याच वाटेनं विशाळगडाकडं निसटले. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले आणि खिंड पावन झाली. त्या रात्रीच्या भोयांच्या खांद्यावर पालखी होती, हे प्रत्येक नवशिक्यानं स्वतःच्या पाठीवरच्या इवल्याशा सॅकबद्दल तक्रार करण्यापूर्वी ध्यानात घ्यावं.

आज बहुतेक मोहिमा पन्हाळा ते पावनखिंड हे अंतर दोन दिवसांत चालतात, मध्ये एखाद्या वाडीत मुक्काम करून. पन्नासेक किलोमीटरचा मामला आहे. तुम्हाला मात्र पळायचं आहे, आणि वाट त्यासाठी फार सोयीची आहे. पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरून म्हाळुंग्यावरनं मसाई पठारावर आलात की जांभा सुरू होतो. लाल, भोकाभोकाचा, खरखरीत. कोरडा असतो तेव्हा तो पातळ तळाखाली दाण्यादाण्यानं कळतो. आषाढात त्यावर वीतभर पाणी असतं, म्हणजे कळतो पण दिसत नाही. पठार उतरून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत पुढं जाताना भाताची खाचरं लागतात. रोप लावण चाललेली असते. बांधावरून पळताना एक पाय हमखास खाचरात जातो आणि घोटाभर चिखल घेऊन बाहेर येतो. लावणीवाल्या बाया हसतात. हसू द्या, त्या सकाळपासून त्याच चिखलात अनवाणी उभ्या आहेत आणि त्यांच्यापैकी एकीलाही फोड नाही. चिखल्या मात्र असतात बोटांच्या बेचक्यात, हेही खरं.

आता मोजे. सुती, जाड, आणि एकच जोड. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. ओली कातडी पांढरी पडून सुरकुतते, मऊ होते आणि मोज्याला जास्त चिकटते. पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड, हे उपाय फोडांच्या मुळावर येणारे आहेत. शक्यतो टाळा. व्हॅसलीन लावायचंच असेल तर पन्हाळ्यावर एकदा लावा आणि पुन्हा लावू नका. काही वेळानं त्याचा असर जातो.

बुटात खडा गेला तर थांबू नका. मित्र पुढं जातील.

चुरचुर

हा सगळ्यात नाजूक टप्पा आहे आणि कच्चे विद्यार्थी इथंच नापास होतात. फोड एकदम येत नाही. आधी एक जागा गरम वाटते, मग चुरचुरायला लागते. त्या वेळी थांबून, पाय पुसून, तिथं पट्टी लावली तर फोड बहुधा येतच नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

होतं असं की बाहेरची कातडी मोज्याला धरून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढं-मागं सरकतं. मधले थर ताणले जातात, हजारो वेळा. शेवटी ते एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. वरून घासून होतं ते सोलवटणं. फोड आतून फाटून होतो. त्यासाठी वरची कातडी जाड आणि चिवट लागते, म्हणून तो तळव्याला आणि तळहाताला धरतो. पहिल्यांदा कुदळ हाती घेणाऱ्याला विचारा.

पट्टीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या ग्रँट लिपमन या डॉक्टरांनी वाळवंटांतल्या लांब शर्यतींत पळणाऱ्यांवर साधा कागदी सर्जिकल टेप लावून पाहिला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: टेप लावलेल्या भागावर फोड कमी. आपल्याकडं कुठल्याही मेडिकलमध्ये तो मिळतो, जखमेवरचा कापूस चिकटवायला नर्स वापरते तोच. हजारोंच्या बुटानं केलेलं नुकसान इतक्या स्वस्त वस्तूनं टळावं, हे बूट घेणाऱ्याला अपमानास्पद वाटणं साहजिक आहे.

फोड आल्यावर

मुक्कामी बूट काढलात की वाडीतले आणि ग्रुपमधले तज्ज्ञ गोळा होतील. एक जण टूथपेस्ट आणेल. दुसरा हळद. तिसरा म्हणेल सुईत दोरा ओव, फोडातून आरपार काढ आणि दोरा आतच ठेव, पाणी झिरपत राहील. झिरपेल खरं, पण त्याच दोऱ्यावरून बाहेरची घाण आत जाईल. चौथा बिब्ब्याचं नाव काढेल. त्याला चहा पाजून लांब बसवा. बिब्ब्याच्या तेलानं धडधाकट कातडीवर फोड येतात, आलेले जात नाहीत.

इथं थट्टा बाजूला. फोड लहान असेल आणि दुखत नसेल तर त्याला हात लावू नका, वरून पट्टी लावा. मोठा, टरटरून भरलेला असेल आणि पाऊल टेकवत नसेल, तर हात आणि पाय साबणानं धुवा, सुई स्पिरिटनं पुसा, फोडाच्या कडेला खालच्या बाजूनं दोन-तीन ठिकाणी टोचा आणि पाणी हलक्या हातानं दाबून काढा. वरची कातडी ओढून काढू नका. तिच्याइतकं चांगलं झाकण बाजारात मिळत नाही. वर मलम, त्यावर कोरडी पट्टी, रोज बदलायची. भोवती लाली पसरली, पू झाला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर मोहीम संपली, सरळ डॉक्टर. मधुमेह असणाऱ्यांनी घरची सुई लावायचीच नाही. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर चुरचुर कळतच नाही, आणि हे असले पातळ बूट त्यांच्यासाठी नाहीतच.

‘फोडानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी एक हकिकत. १९२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा सोळा वर्षांचा मुलगा, केल्विन कूलिज धाकटा, व्हाइट हाउसच्या मैदानावर मोज्यांशिवाय बूट घालून टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात गेले आणि ७ जुलैला तो गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, पण ती मसाई पठारावर मिळत नाहीत.

पहिली मोहीम म्हणून पावनखिंड निवडू नका, असं खरं तर वरच लिहायला हवं होतं. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडीबरोबर चालत जा, नेहमीच्या बुटात. पुढचे काही महिने पातळ बूट घरात आणि रंकाळ्यावर थोडा थोडा घाला, आणि पावनखिंड पुढच्या आषाढावर टाका. आणि जाल तेव्हा एक करा. वापरलेल्या पट्ट्या, टेप आणि त्यांचे कागद खिंडीत टाकू नका. खिशात घालून कोल्हापूरला परत आणा.