शेवटच्या दोन मिनिटांचा कायदा

२०२३चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. ३५-३५ बरोबरी, जेमतेम दोन मिनिटं उरलेली, आणि फिलाडेल्फिया ईगल्सच्या ब्रॅडबरीने चीफ्सच्या खेळाडूची जर्सी ओढली म्हणून पंचांनी दंडाचा पिवळा रुमाल भिरकावला. चीफ्सना चार नवे प्रयत्न मिळाले. घड्याळ खात त्यांनी ३८-३५ने चषक नेला. फिलाडेल्फियात शिमगा! ब्रॅडबरीने मात्र सामन्यानंतर सरळ कबूल केलं, की ओढली, वाटलं सोडून देतील. आरोपीला गुन्हा कबूल, तरी ईगल्सची वकीलमंडळी अजून खटला लढवताहेत: एवढ्या उशिरा असलं बघायचं नसतं म्हणे. हे कलम हरणाऱ्यांच्याच नियमपुस्तकात छापतात.

चीफ्सवाले तेव्हा कायद्याचे परमभक्त. पण त्याच वर्षी डिसेंबरात बिल्सविरुद्ध त्यांचाच खेळाडू टोनी अखेरीस ऑफसाइड निघाला, टचडाउन रद्द झालं, तेव्हा खुद्द त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स पंचांवर खेकसत होता.