नाव झाकलेला पेढा

धारवाडहून कुणी पुण्याला पोचले की त्याच्या पिशवीकडे बघत दोन प्रश्न विचारले जातात. ‘पेढे आणलेत ना?’ हा पहिला आणि ‘लाईन बझारचेच ना?’, म्हणजे धारवाडच्या त्या नामी पेठेतलेच ना, हा दुसरा. पेढा तोंडात जातो त्यानंतर, आणि तोवर निकाल लागलेला असतो. उत्तर ‘हो’ असेल तर खवा कसा खरपूस भाजलाय ते लगेच जाणवते. उत्तर देताना पाहुणा जरा अडखळला, तर त्याच पेढ्याला साखर जास्त लागते. अशा रीतीने मराठी माणूस कानाने पेढा खातो. यात हसण्यासारखे काही नाही, कारण साहेबाच्या देशात लोक याच पद्धतीने वाइन पितात आणि त्याला रसिकता म्हणतात.

तिकडे तर या दुसऱ्या प्रश्नाचा चक्क धंदा झाला आहे. एखाद्या वर्षी द्राक्ष जास्त पिकते किंवा बाजार बसतो, आणि नामांकित वायनरीकडे पिंपेच्या पिंपे उरतात. आपल्याच नावाने ती स्वस्तात काढावीत, तर गेल्या वर्षी पूर्ण पैसे मोजलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही. म्हणून माल गुपचूप व्यापाऱ्याच्या गळ्यात घालायचा. अट एकच, आमचे नाव फुटता कामा नये. व्यापारी बाटलीवर द्राक्षाची जात, प्रांत, साल आणि एखादा क्रमांक छापतो, किंमत निम्म्याहून खाली आणतो, आणि गुपित असल्यासारखे साऱ्या गावाला सांगतो की माल कुणाचा ते बोलायची सोय नाही, पण कळले तर चाट पडाल! ऑस्ट्रेलियात अशा बिननावाच्या बाटलीला ‘क्लीनस्किन’ म्हणतात. मालकाचा डाग न दिलेल्या जनावरासाठीचा हा शब्द. इथून पुढे शौकिनांचे काम सुरू होते. आधी एक घोट, मग डोळे मिटून चिंतन, आणि मग बुचावर काय छापलेय, बाटलीच्या बुडाला खळगा केवढा, अल्कोहोलचा टक्का किती आणि मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत गाव कुठले, याचा तपास. जिभेची परीक्षा म्हणून मांडलेला हा खेळ शेवटी भिंगाने जिंकला जातो.

पण खेळातली खरी गंमत अंदाजांच्या दिशेत आहे. हे अंदाज नेहमी वर चढतात. शेजारच्या डोंगरावरच्या कुणा सामान्य शेतकऱ्याची वाइन असावी, असे सहसा कुणी म्हणत नाही. बाटली निघायची ती शंभर डॉलरवाल्याचीच. वास्तविक उरलेला माल सामान्यांकडेही असतो, किंबहुना त्यांच्याकडेच जास्त असायला हवा. तरीही हा साधा हिशेब कुणी मांडत नाही, कारण तो मांडला तर स्वस्तात घेतलेली बाटली स्वस्तच राहते. दुकानदाराने सूट दिली ती नाव काढून घेऊन. गिऱ्हाईक तेच नाव अंदाजाने परत चिकटवते आणि वर पैसे वाचवल्याचा आनंद मिळवते. ओळखायचे असते ते आपण किती हुशार गिऱ्हाईक आहोत हे. वाइन निमित्तमात्र.

हा नुसता कुचकटपणा नाही, पुरावा आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाने मारला. निकालापेक्षा मजेदार होते ते चाखतानाचे उद्गार: एका परीक्षकाने घोट घेऊन, चला, आलो एकदाचे फ्रान्सला, अशा अर्थाचा सुस्कारा सोडला, आणि पेल्यात होती नापा खोऱ्यातली वाइन. जिथे मान द्यायची सवय, तिथेच अंदाज जाऊन बसला. पुढे बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकाने वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात तर एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग घोट जास्त आवडला, आणि मेंदूच्या चित्रात सुखाचा भागही जास्त उजळला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. किंमत त्यांना खरोखरच गोड लागत होती.

यावर शौकीन म्हणतील, खरे जाणकार असतात हो. असतात ना. ‘मास्टर ऑफ वाइन’च्या परीक्षेत बारा-बारा अनोळखी वाइनचे तीन पेपर असतात आणि लोक त्यात पासही होतात. फक्त तिथे कुणी घासाघीस करून आणलेली बाटली पुढ्यात ठेवत नाही. वाइन हलकी निघाली म्हणून परीक्षार्थीच्या खिशाला झळ लागत नाही. धारवाडकरांना हे समजवायला लांब जायला नको. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्या ध्वनिमुद्रिका अंधारात लावा. पहिल्या चार स्वरांत कोण ते सांगणारे इथे गल्लोगल्ली मिळतील. कान तयार आहेत, आणि दोघांपैकी कुणीही निघाले तरी ऐकणाऱ्याचा तोटा नाही. ओळख खरी ठरते ती अशा ठिकाणी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नाव म्हणजे फुकाचा दिमाख नव्हे, ती हमी असते. अगदी मान्य. उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने लाईन बझारात नाव कमावले, १९३३पासून मिश्रांनी आपले वेगळे, आणि ‘धारवाड पेढा’ला भौगोलिक मानांकन मिळाले, क्रमांक ८५. कालच्यासारखाच पेढा उद्याही मिळेल, एवढ्यासाठी आपण नावाचे पैसे देतो. पण मग नाव काढून विकलेल्या मालात नेमकी तीच हमी नाही, हेही मान्य करायला नको का? हमीचे पैसे वाचवायचे आणि हमी अंदाजाने मिळवायची, हे छत्री न घेता पाऊस ओळखण्यासारखे झाले.

आपल्याकडे या खेळाला एक अडचण आहे, ती कायद्याची. बंद खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापावाच लागतो. राज्याने दिलेला परवाना असेल तर त्यातला दुसरा-तिसरा आकडा राज्य सांगतो: ११२ने सुरुवात असली तर कर्नाटक, ११५ असली तर महाराष्ट्र. ‘अस्सल धारवाडी’ असे ठळक छापलेले खोके उलटे केले की कधीकधी पेढ्याचे जन्मगाव दोनशे कोस उत्तरेला सरकते. रसिकतेला इतका रुक्ष शेवट परवडत नाही, म्हणून पेढे खोक्यातून काढून ताटलीत ठेवण्याची चाल आहे. ताटलीवर क्रमांक नसतो. धारवाडी पेढा मुळात तपकिरी, रवाळ, वरून पिठीसाखरेत घोळलेला. साखरेखाली सगळ्यांचा चेहरा एकच.

आणि मग पुण्यातल्या त्या दिवाणखान्यात, मावशींकडून किंवा काकांकडून, निवाडा सुनावला जातो. अर्धा पेढा तोंडात, डोळे किंचित मिटलेले, मान डोलते. ‘लाईन बझारचा. सांगायला नको.’ पाहुण्याने तो हुबळीच्या फलाटावर, गाडीने शिट्टी दिल्यावर, मिळेल तिथून उचललेला असतो. दीड किलोमीटर लांबीचा तो फलाट, जगातला सर्वांत लांब, त्यामुळे धापही लागलेली. वाइनच्या त्या व्यापाऱ्यासारखे कुठल्या कराराने त्याचे तोंड बांधलेले नसते. तरी तो ताटली पुढे सरकवतो आणि एवढेच म्हणतो, ‘अजून एक घ्या की.’