जलदुर्गांचे आधुनिक वेढे

कोकण किनाऱ्यावरील जलदुर्गांचा, म्हणजे चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार आंग्रे, सिद्दी, पेशवे आणि इंग्रज यांच्या लढाया संपल्या की लेखणी खाली ठेवतात, आणि त्यामुळे या दुर्गांना पडणारे वेढेही त्याच सुमारास संपले असा वाचकाचा समज होतो. हा समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात तरी, म्हणजे प्रवासी वाहून नेणाऱ्या होड्या, बंद असतात तेवढे महिने सोडले तर हे वेढे आजही दरवर्षी नेमाने पडतात. फरक एवढाच की वेढा घालणाऱ्या सैन्याच्या हाती तलवारीऐवजी मोबाइल असतो आणि रसदीत बाजरीऐवजी चिवडा असतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले असल्याने या मोहिमांना यापुढे अधिकच जोर चढेल असे मानायला हरकत नाही.

या सैन्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. सर्वांच्या पुढे एक मोहीमप्रमुख असतो, ज्याने निघण्याआधी किल्ल्यांवरचे एखादे पुस्तक निम्म्यापर्यंत वाचलेले असते आणि जो उरलेल्या निम्म्याविषयीही तितक्याच खात्रीने बोलतो. रसदखाते काकूंकडे असते. दर दोन बुरुजांमागे कोणाला ना कोणाला लाडू खायला लावणे हे या खात्याचे धोरण होय. आणि प्रत्येक जथ्यात एक मामा असतात. मामा नेहमी मागे राहतात. ते का मागे राहतात याचा उलगडा आजवर कोणालाही झालेला नाही, परंतु जथ्याची कोणतीही तर मामांच्या आधी सुटत नाही.

उदाहरणादाखल दिवाळीच्या सुट्टीत अष्टमीला अलिबागहून निघून पौर्णिमेला मालवणास पोहोचणारा एक नमुनेदार जथा घ्यावा. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोरच खडकावर उभा असून ओहोटीला तेथे पायी किंवा घोडागाडीतून जाता येते, आणि भरतीला होडीवाचून गत्यंतर नसते. भरती-ओहोटीची वेळ काढण्याचे कोकणातले जुने गणित सोपे आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पुण्याहून सकाळी निघालेला जथा वाटेत दोनदा मिसळीला थांबून बरोबर बाराला किनाऱ्यावर उतरतो ही या मोहिमेतील पहिली आणि शेवटची कालिक अचूकता होय, आणि मोहीमप्रमुख तिचे श्रेय अर्थातच स्वतःकडे घेतात.

परंतु समुद्राच्या हिशेबात वेळेइतकेच माप महत्त्वाचे असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती पुष्कळ चढते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही, त्यास भांग म्हणतात. भांगाच्या ओहोटीला किल्ल्यापर्यंतची वाळू पूर्ण उघडी पडेलच अशी हमी नसते. त्यामुळे वेळ अचूक साधूनही या जथ्याला विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून निघावे लागते, आणि पाणी मध्यावर गुडघ्याचे बंधन पाळत नाही हे कळते तेव्हा परतण्याइतकेच पुढे जाणेही गैरसोयीचे झालेले असते. ‘अलिबागवरून आलास का’ या प्रश्नातून समोरच्याचे अडाणीपण सुचवण्याची मुंबईकडे रीत आहे आणि तिच्यावर बंदी घालावी अशी याचिका 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली; तथापि भिजलेल्या जथ्याकडे घोडागाडीवाला ज्या शांतपणाने पाहत असतो त्यावरून अडाणी कोण याचा निकाल न्यायालयाबाहेरही लागू शकतो.

किल्ल्यात 1759 साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, गोड्या पाण्याचे तळे आहे, आणि उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत. आरमाराचा इतिहास ऐकण्यास आलेली मुले या तोफांवर स्वार होतात व खाली उतरण्यास नकार देतात, एवढ्यावर बहुतेक जथ्यांचे कुलाबादर्शन संपते. याच गावात एक वारसास्थळ असे आहे की ज्याकडे कोणीही वेढा घेऊन जात नाही, ते म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद करणारी वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्याला ही मोजणी एकोणिसाव्या शतकापासून चालत असे. पुढे तेथील घोड्यांच्या ट्रॅम विजेवर चालवण्याचे ठरले, विजेच्या प्रवाहाने उपकरणांच्या सुया हलतील हे ध्यानात आले, आणि 1904 मध्ये हे काम अलिबागला आणण्यात आले. ट्रॅमच्या भीतीने एका कुलाब्याहून उठून दुसऱ्या, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात येणे आणि पुढे साठ वर्षांनी मुंबईतील ट्रॅमच बंद पडणे, हा या किनाऱ्यावरील माघारीच्या इतिहासातील एक हृद्य प्रसंग होय.

पुढील वेढा मुरूडजवळच्या जंजिऱ्यास पडतो. ‘जंजिरा’ हा शब्द बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दावरून आला, त्यामुळे ‘जंजिरा बेट’ म्हणणे हे ‘बेट बेट’ म्हणण्यासारखे आहे, ही माहिती मोहीमप्रमुख राजपुरीच्या धक्क्यावर सर्वांना देतात आणि लगेच ‘जंजिरा बेटाची’ तिकिटे मागतात. येथून शिडाच्या होडीने जावे लागते. किल्ल्याचा मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. सिद्दींनी ही योजना शत्रूसाठी केली असली तरी आज तिचा पहिला बळी मामा ठरतात, जे होडी तटावर आदळणार असे मोठ्याने सांगू लागतात. दरवाजाशी होडी लाटेबरोबर वरखाली होत असते आणि खलाशी प्रत्येकाचा दंड धरून त्याला योग्य क्षणी पायरीवर चढवतो. दंड धरणारा हात आणि तोंडातून निघणारा ‘आता’ हा शब्द, एवढ्यावर येथील सारी चढाई अवलंबून असते. काकू ‘आता’ ऐकून ‘आता काय?’ असे विचारतात आणि एक लाट वाया जाते.

शिवछत्रपतींना हा किल्ला घेता आला नाही, संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास खाडीत भराव घालून वाट करण्याचा प्रयत्न केला तोही तडीस गेला नाही, आणि हे संस्थान 1948 पर्यंत सिद्दींकडेच राहिले. या अपयशांपैकी एकाची परंपरेने सांगितली जाणारी कथा प्रत्येक सहल-संयोजकाने मुखोद्गत करावी अशी आहे. लाय पाटील नावाच्या दर्यावर्दी सरदाराने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या आणि शिवछत्रपतींचे पेशवे मोरोपंत यांच्या फौजेची वाट पाहिली; फौज वेळेवर आली नाही, उजाडू लागले आणि शिड्या काढून परतावे लागले. शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असे त्याने म्हटले, म्हणून एक गलबत बांधून त्याचे नाव ‘पालखी’ ठेवण्यात आले. जथ्यातील प्रत्येक जण ही कथा ऐकताना मामांकडे पाहतो.

किल्ला पाहण्यास होडीवाले साधारण पाऊण तास देतात, आणि या अवधीत गाईडने इतिहास, स्थापत्य आणि चमत्कार हे तिन्ही विषय आटोपायचे असतात. त्यासाठी आकडे सुटसुटीत केलेले असतात : बावीस एकर जागा, बांधायला बावीस वर्षे, पहाऱ्याच्या बावीस चौक्या. इतका एकजिनसी इतिहास दुसऱ्या किल्ल्याच्या वाट्यास क्वचितच आला असेल. ‘कलालबांगडी’ ही प्रचंड तोफ पंचधातूची असल्याने भर उन्हातही तापत नाही, असेही सांगण्यात येते, आणि दुपारी एक वाजता प्रत्येक जथ्यातील एक तरी विज्ञाननिष्ठ सदस्य तिच्यावर तळहात ठेवून या विधानाची शहानिशा करतो. त्याच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढणे कठीण नसते, पण तो मित्रांना ‘खरंच थंड आहे’ असे सांगतो, जेणेकरून त्यांनीही हात ठेवावा.

वाटेत लागणाऱ्या रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून येथे आणून ठेवले, 1910 च्या सुमारास हा वाडा उभा राहिला, आणि 1916 मध्ये राजाचा येथेच अंत झाला. संपूर्ण कोकणात ‘पाहायला वेळच पुरला नाही’ अशी तक्रार ज्याला करता आली नसती असा हा एकमेव पाहुणा होय. वाड्यातील संग्रहालयात जथा आठ मिनिटे थांबतो. त्यांपैकी पाच पंख्याखाली जातात.

विजयदुर्ग आज जमिनीशी जोडलेला असल्यामुळे येथे होडीचा प्रश्न नाही, आणि म्हणूनच की काय, येथील वेढा शस्त्रांऐवजी विद्वत्तेने लढला जातो. किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून असे सांगितले जाते की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून सूर्यातील हेलियम वायू शोधून काढला. वस्तुस्थिती अशी की त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होता. ते ग्रहण भारतातून पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सन गुंटूरला होता, आणि लॉकयरने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच, घरच्या दुर्बिणीतून तपासला. मात्र लॉकयर विजयदुर्गला आलाच नाही असेही नाही : तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी आला होता. म्हणजे साहेब खरा, ग्रहण खरे, किल्लाही खरा. चूक फक्त तीस वर्षांची आहे, आणि मामांच्या हिशेबात एवढा उशीर किरकोळ ठरतो.

पौर्णिमेला जथा मालवणात पोहोचतो. कुरटे बेटावर 1664 मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग हा या मोहिमेचा मुख्य उद्देश असून तेथे शिवाजी महाराजांच्या हातापायांचे ठसे आणि राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, जेथे आठवडाभर चाललेली बडबड प्रथमच, आणि कोणी न सांगता, थांबते. त्यानंतर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी येतात. ‘बाव’ म्हणजे विहीर. खाऱ्या समुद्रातल्या या खडकावर गोडे पाणी लागावे हे खरे नवल आहे, परंतु नावे ऐकून ज्यांची भूक चाळवलेली असते त्यांना तिन्ही ठिकाणी केवळ पाणीच मिळाल्याने हे नवल पुरेसे पोहोचत नाही. दहीबावेशी मामा मागे राहतात आणि दोन होड्या रिकाम्या जागा घेऊन जथ्याशिवाय निघून जातात.

परतल्यावर धक्क्यावर एक मालवणी गृहस्थ सांगतात की जवळच पद्मगड नावाचा लहान किल्ला आहे आणि ओहोटीला तेथे चालत जाता येते. अलिबागच्या अनुभवाने शहाणे झालेले मोहीमप्रमुख या वेळी आधी तिथी विचारतात, पंधराला पाऊणने गुणतात, सव्वाअकरा काढतात, त्यात सहा तास मिळवतात आणि उधाणाची ओहोटी असल्याने वाळू पूर्ण उघडी पडेल हेही बिनचूक सांगतात. ओहोटी सव्वापाचला आहे. परतीची गाडी चारला आहे. काकू सोलकढी थंड आहे तोवर जेवून घ्यावे असा ठराव मांडतात आणि तो मामा येण्यापूर्वीच एकमताने मंजूर होतो.